मेजावरचं आगळ

आमच्या घरात देवापेक्षा आई कडक. देवाने निदान सातव्या दिवशी विसावा घेतला, आईने तोही घेतला नाही. ती एका इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली, पण ते फक्त पगारापुरतं. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत ती अजून मेट्रन आहे, आणि दर रविवारी मंडळीतसुद्धा. मंडळी म्हणजे आमचं मराठी ख्रिस्ती चर्च. स्वतःची इमारत नाही, म्हणून आम्ही एका शाळेचा हॉल रविवारपुरता भाड्याने घेतो. तिथे मोठमोठी माणसं चौथीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसतात. उपदेशाला उभ्या राहिलेल्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, डोक्यामागे भिंतीवर शाळेने रंगवून ठेवलंय: गडबड करू नये. रांग मोडू नये. विचारल्याशिवाय बोलू नये. आईला ती भिंत फार आवडते. दहा आज्ञा तिला पहिल्यापासून जरा कमीच वाटत आल्यात.

मंडळीचा कारभार बघणाऱ्यांना आमच्यात पंच म्हणतात. आई पंच आहे. उपासनेला कोण उशिरा आलं, कोण गाण्याऐवजी मोबाइलमध्ये तोंड घालून बसलं, गुड फ्रायडेला कोणाच्या घरातून मटणाचा वास आला, सगळं तिला ठाऊक. देवाकडे हिशेब द्यायची वेळ आली तर तो आधी आईला विचारून खात्री करून घेईल.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. ख्रिस्ताने मरणाआधी शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं, त्याची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. भाकर म्हणजे कडा कापलेला बेकरीचा पाव. द्राक्षरस आई करते, काळी द्राक्षं उकळून, गाळून, साखर घालून. तो अंगठ्याएवढ्या पेल्यांतून, ट्रेमध्ये बाकाबाकाने फिरतो. पेला हातात धरून थांबायचं, आणि पाळकांनी म्हटलं की सगळ्यांनी एकदम प्यायचं.

आई तो रस करताना कधीही चाखत नाही. प्रभूच्या मेजावरची वस्तू उष्टी करायची नसते म्हणे. हे शास्त्रात कुठे लिहिलंय, असं मी एकदा विचारलं. कुठेच नाही. हे आलंय खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून, त्या नैवेद्याआधी सत्यनारायणाचा प्रसाद चाखत नाहीत म्हणून. आईने काकूंच्या देवघराकडे बघून जन्मभर नाक मुरडलं, पण नियम तो नियम! कुठल्याही धर्माचा असो, दिसला की ही घरी घेऊन येते. त्यात कोविडनंतर मास्क आणि हातमोजे आले. तेव्हापासून आमचा द्राक्षरस ऑपरेशन थिएटरमधून आल्यासारखा येतो.

आता मावशी. आईची धाकटी बहीण. तरुणपणी ती एका मालवणी माणसाच्या प्रेमात पडली आणि कोर्टात लग्न करून मोकळी झाली. काका हिंदू. ते ख्रिस्ती व्हायला तयार नव्हते आणि मावशीला हिंदू करायलाही तयार नव्हते. "तुझो देव तुका, माझो देव माका, जेवाक मात्र एकत्र बसूया," असा त्यांचा करार. तेव्हाच्या पंचांना काही हा करार झेपला नाही. त्यांनी मावशीचं प्रभुभोजन बंद केलं. म्हणजे उपासनेला यायचं, गाणी म्हणायची, दानाच्या पिशवीत नोट टाकायची (ते कधीच कुणाला बंद होत नाही), पण भाकर आणि पेला मिळणार नाही. मंडळीसमोर उभं राहून "मी चुकले" म्हटलं, की पुन्हा सुरू. मावशीने दहिसरला संसार थाटला आणि पुन्हा मंडळीचं तोंड पाहिलं नाही.

मग काका गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर एका रविवारी मावशी आमच्या हॉलमध्ये येऊन शेवटच्या बाकावर बसली. पार दहिसरहून मुलुंडला, बस बदलत. पुढच्या रविवारीही आली. मग येतच राहिली. महिन्याच्या पहिल्या रविवारी ट्रे शेवटच्या बाकापर्यंत यायचा आणि पंच तो तिच्या गुडघ्यांवरून पलीकडे न्यायचे. ती आपली पाठ भिंतीला चिकटवून वाट करून द्यायची, धक्का लागून पेले सांडू नयेत म्हणून. मी ते दर महिन्याला बघायचे.

"तुला हवंय का ते?" मी तिला एकदा सरळ विचारलं.

"मग काय बस बदलत भजनं ऐकायला येते?" मावशी म्हणाली. "आमचा बाप सांगायचा, या मेजावर बसला तो आपल्या घरचा. मला मरायच्या आधी पुन्हा घरची व्हायचंय गो."

"मग म्हणून टाक ना, चुकले. दोन शब्द तर आहेत."

"म्हणते की! ताईच्या लग्नात रुसून बसले, चुकले. शेजारणीला शिव्या घालते, रोज चुकते. पण लग्न केलं ते चुकले कसं म्हणू? तो माणूस तर गेला. आता मी चारचौघांत उभी राहून सांगू की तो माझं पाप होता? माझे पाय दुखले तर चेपून देणारा माणूस?"

मी अंधेरीला एका विमा कंपनीत दावे तपासायचं काम करते. कोणत्या कलमाखाली माणसाला परत पाठवायचं, हे माझ्या पोटापाण्याचं शास्त्र. पण मावशीच्या दाव्याला लावायला मला कलम सापडेना.

घरी येऊन मी आईला धरलं. "तू पंच आहेस. तुझी सख्खी बहीण आहे. कर ना काहीतरी."

"नियम मी केलेला नाही."

"मग मोड."

"जो मी केला नाही तो मी मोडणार कशी?"

मला असा संताप आला की मी भांडी घासताना आपटून आपटून ठेवली. आईने ती मागाहून उंचीप्रमाणे लावली. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, नगरकडचे, मनाने लोण्यासारखे आणि आईला जाम घाबरतात. तेही एकदा याच कामाला घरी आले. चहा झाला, हवापाणी झालं, माझ्या लग्नाचंही विचारून झालं. शेवटी आईच म्हणाली, "पाळकसाहेब, ताकाला आलात ना? मग भांडं काढा बाहेर."

"नाही, म्हणजे, मावशींचं पंचांनी जरा कृपेने बघितलं तर..."

"कृपा आहेच. आधी कबुली, मग कृपा. रांगेत." आईने त्यांच्या बशीत अजून एक खारी ठेवली. "घ्या."

पाळकसाहेबांनी खारी घेतली आणि विषय सोडला.

आता बाटलीचं सांगते. दर उन्हाळ्यात काकांच्या गावाहून कोकमं येतात आणि मावशी त्याचं आगळ करते. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घालून काढलेला दाट रस. चमचाभर घेऊन पाण्यात घातलं तर झकास सरबत. नुसतं प्यायलात तर दात आंबतात, कान गरम होतात आणि पूर्वज आठवतात. मावशी दरवर्षी त्याची एक बाटली माझ्या हाती आईला धाडते. आई ती फेकत नाही, कारण ते अन्न. पीतही नाही, कारण ते तत्त्व. बाटली फ्रिजमध्ये मागे उभी राहते आणि पुढच्या उन्हाळ्यात नवी आली की जुनी खालच्या काकूंकडे जाते. काकू म्हणतात, तुमच्या बहिणीच्या हाताला काय चव आहे हो! आई म्हणते, असेल.

एका पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी आमच्या फ्रिजने राम म्हटला. ख्रिस्ती घरातला असून राम म्हटला. आईने आतलं सगळं काकूंच्या फ्रिजमध्ये हलवलं. दूध, भाज्या, आगळाची बाटली आणि प्रभुभोजनाच्या रसाची बाटली. दोन्ही बाटल्या गुलाब सरबताच्या, एकाच मापाच्या, आतला रंगही तसाच काळपट लाल. पण आई इस्पितळातली. लेबलाशिवाय बाटली म्हणजे तिच्या लेखी विष. रसाच्या बाटलीवर तिने पांढरी चिकटपट्टी लावून पेनने लिहिलं होतं, "प्रभुभोजन. हात लावू नये." ती पट्टी काकूंच्या फ्रिजमधल्या ओलीने सुटून पडली, आणि आमच्या काकू इतक्या भल्या की त्यांनी ती नीट पुसून, वाळवून पुन्हा चिकटवली. दुसऱ्या बाटलीवर.

सकाळी आईने लेबल वाचलं आणि बाटली उचलली. बूच उघडून हुंगावं, बोट बुडवून बघावं, हे दुसऱ्या कुठल्याही बाईने केलं असतं. पण उष्टं करायचं नाही हा नियम, आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये पेले भरताना नाकावर मास्क हाही नियम. लिहिलेल्यावर आईचा इतका विश्वास, की आत काय आहे ते बघायची तिला गरजच वाटली नाही.

पाळकसाहेब त्या दिवशी नेमके नियमशास्त्र आणि कृपा यावर बोलले. नियमशास्त्र म्हणजे आरसा. तोंड मळलंय हे तो दाखवतो, धुवून देत नाही. ते धुणं फुकट, मागावं लागत नाही आणि कमावताही येत नाही. आई पहिल्या बाकावर मान डोलवत होती. तिने जन्मभर त्या आरशालाच साबण समजून दुसऱ्यांची तोंडं घासली, हे तिला कोण सांगणार?

भाकर फिरली. ट्रे फिरले. शेवटच्या बाकावर मावशी भिंतीला टेकली आणि ट्रे पलीकडे गेला. पाळकसाहेबांनी पेला उचलला, म्हणायचे ते शब्द म्हटले, आणि अख्ख्या मंडळीने एकदम नुसतं आगळ घशाखाली लोटलं.

बाबौ! पहिल्या बाकावरच्या आजोबांनी डोळे असे मिटले की मला वाटलं गेले. गाणाऱ्या पोरींची तोंडं बटव्यासारखी आवळली गेली. थुंकणार कोण? आत्ताच सगळ्यांनी त्याला ख्रिस्ताचं रक्त म्हणून हातात घेतलं होतं. माझ्या मागे कोणीतरी कुजबुजलं, "यावेळी बिनसाखरेचा दिसतोय." पाळकसाहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्यांना एवढं गहिवरलेलं बघून समोरच्या एक बाई खरोखरच रडायला लागल्या.

आणि आईने मास्क खाली करून तिचा पेला प्यायला होता. तिचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. आधी आंबटाने वाकडा झाला, मग चुना लावल्यासारखा पांढरा पडला. ती उठून उभी राहिली. विचारल्याशिवाय.

"हा द्राक्षरस नव्हता," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मी प्रभूचं मेज बाटवलं. नियमाप्रमाणे माझं प्रभुभोजन बंद करा."

"मेट्रनबाई, बसा," पाळकसाहेब डोळे पुसत म्हणाले. "झालं ते झालं. सगळ्यांनी प्रेमाने घेतलं, देवानेही घेतलं असेल."

"मी अजून माफी मागितली नाही."

"माफ आहे."

"मागायच्या आधी?"

तेवढ्यात मागून खोकल्यासारखा आवाज आला. मावशीने शेजारणीच्या हातातला रिकामा पेला घेऊन हुंगला होता, आणि ती तोंडावर पदर धरून हसत होती. "अगो ताई," ती ओरडली, "हे माझं आगळ!"

सगळा हॉल मागे वळला. जिला वर्षानुवर्षं पेला मिळाला नाही, तिच्या हातचं सगळ्या मंडळीने मिटल्या डोळ्यांनी, देवाचं नाव घेऊन पोटात घेतलं होतं. पंचांसकट. आधी आजोबा हसले. मग जी लाट उठली, ती त्या भिंतीवरच्या तिन्ही ओळींची वाट लावून गेली. मावशी हसता हसता रडायला लागली आणि कोणालाच कळेना, आता हिला हसू द्यावं की धरावं. मी जाऊन धरलं. आई पर्स उचलून सरळ बाहेर पडली.

घरी आल्यावर ती खुर्चीत बसून राहिली. चहा नको, जेवण नको. "न मागता माफ केलं मला," ती म्हणाली. "मी काय भिकारीण आहे?"

"आई, यालाच कृपा म्हणतात. आयुष्यभर त्यावर गाणी म्हणतेस तू!"

"गाणी वेगळी."

आमच्या ऑफिसात दावा नामंजूर झाला म्हणून टेबल आपटणारी माणसं मी पुष्कळ बघितली. मंजूर झाला म्हणून भांडायला आलेलं माणूस पहिल्यांदा घरात बघितलं. तिला शिक्षा हवी होती, रीतसर. तिने बाकीच्या पंचांना गाठून सांगितलं, माझ्यावर कारवाई करा. ते बिचारे हसू दाबत म्हणाले, "मेट्रनबाई, आगळासाठी नियमच नाही हो आपल्यात." आई एकदम पोरकी झाल्यासारखी दिसली. मला तेव्हा तिची पहिल्यांदा कीव आली. माफी द्यायची कशी हे तिला माहीत नव्हतं असं मी समजत होते. अहो, ती घ्यायची कशी हेच तिला माहीत नव्हतं! तिने आयुष्यात फुकट काही घेतलंच नव्हतं.

शेवटी तिने स्वतःच निकाल दिला. पुढच्या पहिल्या रविवारी तिने रस केला, नेला, पेले भरले, आणि पहिल्या बाकाकडे न जाता हॉलच्या टोकाला गेली. शेवटच्या बाकावर. "मी बंद आहे," तिने मला जाता जाता बजावलं. मावशीने सरकून जागा दिली. मी त्यांच्या पुढच्याच बाकावर, मान मागे वळवून.

भाकरीचं ताट आलं. मावशीने सवयीने पाठ भिंतीला लावली, हात छातीशी घेतले, पोट आत ओढलं, आणि ताट दोघींवरून पलीकडे गेलं. आई ताटाकडे बघतच नव्हती, मावशीकडे बघत होती. ती कायम पहिल्या बाकावर बसणारी. तिच्या बहिणीला दर महिन्याला भिंतीत शिरायला लागतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

मग पेले. शेवटच्या रांगेसाठी ट्रे स्वतः पाळकसाहेबांनी घेतला, आणि तो पलीकडे न नेता दोघींपुढे धरून उभे राहिले.

"पुढे चला," आई म्हणाली. "आम्ही बंद आहोत."

आम्ही! बहिणीचं लग्न झाल्यापासून हा शब्द तिच्या तोंडून दोघींसाठी कधी आला नव्हता. मावशीने मान वर केली.

"मी इथेच आहे, मेट्रनबाई," पाळकसाहेब म्हणाले. आवाज कापत होता, पण हलले नाहीत. त्यांनी म्हटल्याशिवाय कोणी प्यायचं नाही, हा आईचाच नियम, म्हणून सगळी मंडळी पेले हातात धरून ताटकळली. कोणीतरी खाकरलं. आजोबांनी पेला दुसऱ्या हातात घेतला.

आईने ट्रेमधून एक पेला उचलला. तो मावशीपुढे केला.

"आधी तू चाखून बघ," ती म्हणाली. "पुन्हा भलतंच काही असलं तर?"

मावशीने तिच्याकडे बघितलं. पेला दोन्ही हातांनी घेतला आणि सगळ्यांच्या आधी, कोणी काही म्हणायच्या आधी, तळापर्यंत प्याली. मला रडू फुटलं, सांगायला लाज कसली? तिने ओठ पुसले.

"साखर जास्ती झालीय, ताई."

"तुझं तरी कुठे धड होतं," आई म्हणाली, आणि मास्क खाली करून तिने स्वतःसाठी पेला उचलला.